थर्मोकपलचा दुसरा सांधा

बालरोगतज्ज्ञाने तारा, सांधे आणि सर्किटे यांविषयी लिहावे, ही काहींना अनधिकार चेष्टा वाटेल. परंतु ज्यांच्या नावाने हा विषय ओळखला जातो, ते थॉमस योहान सीबेक शिक्षणाने आपल्याच व्यवसायातले. १७७० साली आजच्या एस्टोनियातील टालिन येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी १८०२ मध्ये गटिंगेन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेतली. घरची सुबत्ता असल्याने रुग्ण तपासण्याऐवजी ते पदार्थविज्ञानात रमले. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्यांची टोके जोडून केलेल्या वळ्याचा एक सांधा तापविला, की जवळची चुंबकसूची हलते, असे १८२१ मध्ये बर्लिन येथे त्यांच्या लक्षात आले. हा चुंबकत्वाचाच चमत्कार आहे, असे ते मानत राहिले. वळ्यातून वीज वाहते म्हणून सूची हलते, हा उलगडा इतरांनी केला.

पुढेही या शोधाला वैद्यकानेच आधी हात घातला. १८३५ मध्ये बेकरेल आणि ब्रेशे या फ्रेंच द्वयाने थर्मोकपलच्या सुया स्नायूंत खुपसून जिवंत माणसाच्या स्नायूचे तापमान मोजले. १८४८ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या स्नायूत आकुंचनाच्या वेळी निर्माण होणारी अत्यल्प उष्णता याच साधनाने पकडली. तेही लष्करी डॉक्टरच होते. स्नायूंतील उष्णतेवरील ज्या कामासाठी आर्चिबाल्ड हिल यांना १९२२ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले, ते कामही थर्मोकपलांच्या माळेवर, म्हणजे थर्मोपाइलवर उभे होते. तेव्हा या विषयावर आपला वडिलोपार्जित हक्क आहे, असे मानून पुढे जातो.

सिल्वासात थर्मोकपल शोधायला दूर जावे लागत नाही. पिपरिया, मसाट, खडोली येथील कारखान्यांत प्लास्टिक वितळविणाऱ्या एक्स्ट्रूडरच्या नळकांड्यावर, सुताला पीळ देणाऱ्या यंत्रांच्या हीटरवर त्या दोन तारा असतातच. या स्मरणिकेचे अनेक वाचक तेथेच अभियंते आहेत, आणि मी लिहितो त्यातील बरेचसे त्यांना हाताच्या मळासारखे ठाऊक आहे. फरक आहे तो चुकीच्या किमतीत. २३० अंशांवर वितळणाऱ्या प्लास्टिकला दोन अंशांची चूक सहसा जाणवत नाही. आपल्या व्यवसायात दोन अंश म्हणजे फार मोठे अंतर. नवजात बालकाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ३६ च्या खाली गेले, की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ते मध्यम शीतावस्थेत गेले. लसींचा शीतकपाट २ ते ८ अंशांत राहिला पाहिजे, आणि हिपॅटायटिस-बी किंवा पेंटाव्हॅलंटसारखी लस शून्याच्या किंचित खाली गोठली, की ती वाया गेली. बाटली नेहमीसारखीच दिसते. बाटलीवरील व्हीव्हीएम हे चौकोनी चिन्ह उष्णतेची कहाणी सांगते. गोठण्याबद्दल ते मुके असते. मग दुधनी किंवा मांदोनीकडच्या पाड्यावरून डोंगर उतरून आलेल्या आईच्या बाळाला ती लस टोचली जाते, कार्डावर नोंद होते, आणि संरक्षण मात्र मिळत नाही. अशा ठिकाणी कोणी कारखान्यातला सुटा मीटर आणि दोन तारा घेऊन मदतीला आले, तर त्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की थर्मोकपल तापमान मोजतच नाही. ते दोन तापमानांतील फरक मोजते. दोन भिन्न धातूंच्या तारा एका टोकाशी वितळवून जोडल्या, की तो झाला मोजणारा सांधा. त्याच तारांची दुसरी टोके जेथे मीटरच्या तांब्याच्या खिळ्यांना मिळतात, तो झाला दुसरा सांधा, ज्याला प्रघाताने ‘थंड सांधा’ म्हणतात. मे महिन्यात आपल्याकडे तो पुष्कळदा मोजणाऱ्या सांध्यापेक्षा गरम असतो, तरी नाव तेच. या दोन टोकांच्या तापमानांत जेवढा फरक, तेवढा विद्युत्दाब. बारकावा असा, की हा दाब सांध्याच्या टिंबात जन्मत नाही. तारेच्या ज्या भागातून तापमान बदलत जाते, त्या भागात तो तयार होतो. म्हणून शीतकपाटाच्या दाराच्या रबरातून जाणारा तारेचा दोन बोटांचा तुकडाच खरे काम करीत असतो, आणि नेमका तोच तुकडा दारात चेपून पिचला, तर आकडा बिघडतो.

प्रत्यक्ष आकडे पाहू. क्रोमेल आणि ॲल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या, ‘के’ प्रकारच्या थर्मोकपलचा एक सांधा बर्फात, म्हणजे शून्य अंशावर, आणि दुसरा बालकाच्या काखेत ३७ अंशांवर ठेवला, तर १.४८९ मिलीव्होल्ट मिळतात. जगभरच्या तक्त्यांत हीच संख्या आहे, कारण ते तक्ते थंड सांधा शून्यावर आहे असे धरूनच केलेले असतात. आता बर्फ काढून थंड सांधा ३२ अंशांच्या खोलीत ठेवला, तर केवळ ०.२ मिलीव्होल्टच्या आसपास मिळतील. काख तीच, बालक तेच. मीटरला ३७ दाखवायचे असेल, तर आपल्या खिळ्यांचे तापमान ३२ आहे हे त्याला स्वतंत्रपणे कळले पाहिजे, आणि त्या ३२ चा दाब त्याने हिशेबात मिळविला पाहिजे. या मिळवणीलाच थंड सांध्याची भरपाई म्हणतात. जुन्या प्रयोगशाळांत थर्मॉसमध्ये बर्फ ठेवून हा प्रश्न मिटवीत. आज खिळ्यांजवळ एक छोटा अर्धवाहक संवेदक किंवा थर्मिस्टर बसवून त्याचे वाचन सर्किटला देतात. म्हणजे थर्मोकपलने तापमान मोजण्यासाठी आधी दुसऱ्याच तापमापीने एक तापमान अचूक मोजावे लागते. रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीशी ठेवण्याचा आग्रह आपण धरतो, त्यातलाच हा प्रकार: आधारपातळी चुकली, की वरचा आकडा कितीही सुबक असो, तो चुकणारच.

एका सूत-कारखान्यात उपकरणांची देखभाल पाहणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांनी एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर हे मुद्दाम करून दाखविले. त्यांनी स्वतः जुळविलेल्या डब्यात ट्रान्सफॉर्मर आत होता, भरपाईचा संवेदक त्याच्या शेजारी सर्किटपट्टीवर, आणि थर्मोकपलचे खिळे डब्याच्या बाहेरच्या बाजूस. मोजणारा सांधा कुटलेल्या बर्फात. सुरू केल्याबरोबर आकडा शून्य. चहा होईपर्यंत तो एकवर गेला, अर्ध्या तासाने तीनवर. बर्फ तसाच होता. तापला होता तो डबा. संवेदकाला ट्रान्सफॉर्मरची ऊब लागत होती आणि खिळे बाहेरच्या हवेत थंडच होते. त्यामुळे सर्किट खऱ्याहून तीन अंश अधिक भरपाई करीत होते. मग त्यांनी ट्रान्सफॉर्मर डब्याबाहेर काढला, खिळे आणि संवेदक एकाच ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर शेजारी शेजारी स्क्रूने बसविले, वर झाकण घातले. आकडा शून्याच्या दोन-तीन दशांशांत स्थिर राहिला.

आता तोच पहिला डबा लसींच्या शीतकपाटावर ठेवला आहे, अशी कल्पना करावी. आत खरे तापमान ३ अंश, डबा दाखवितो ६. दुपारी परिचारिका पाहते, आकडा ८ कडे चालला आहे असे तिला वाटते, आणि ती अगदी जबाबदारीने बटण एक घर ‘थंड’कडे फिरविते. आकडा पुन्हा ३ वर येतो, सर्वांना समाधान. आत मात्र खरे तापमान शून्य. कोणीही हलगर्जीपणा केलेला नाही आणि लस गोठण्याच्या उंबरठ्यावर आली आहे.

भरपाईनंतरचा प्रश्न दाबाच्या क्षीणतेचा. ‘के’ प्रकारात एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात, तांबे आणि कॉन्स्टंटनच्या ‘टी’ प्रकारात सुमारे ४०. हृदयाचा आलेख काढताना त्वचेवरून आपण सुमारे एक मिलीव्होल्टचा संकेत उचलतो. येथे दशांश अंश हवा असेल, तर त्याच्या अडीचशेव्या भागाइतका, चार मायक्रोव्होल्टचा बदल ओळखायचा आहे. हौशी मंडळी यासाठी ७४१ हा जुना, स्वस्त ॲम्प्लिफायर वापरू पाहतात. त्याच्या स्वतःच्या आतच एक-दोन मिलीव्होल्टचा जन्मजात असमतोल असतो, म्हणजे काही न मोजताच पंचवीस-पन्नास अंशांची चूक. तो असमतोल एकदा नीट करून घेता येतो हे खरे, पण खोली तापली की तो पुन्हा सरकतो. ओपी-०७ सारखा अचूक ॲम्प्लिफायर, किंवा स्वतःचा असमतोल सतत तपासून पुसत राहणारा चॉपर जातीचा ॲम्प्लिफायर, हाच येथे उपयोगाचा.

अलीकडे हे सगळे एका चिपमध्ये मिळते आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तीच दिसते. तिच्याविषयी माझे मत थोडे कडू आहे. मॅक्स ६६७५ ही लोकप्रिय चिप पाव अंशाच्या पायऱ्यांनी आकडा दाखविते. पण तिच्या थंड सांध्याच्या भरपाईत तीन अंशांपर्यंत चूक असू शकते, असे निर्मात्याच्याच माहितीपत्रकात नमूद आहे. शिवाय ती शून्याखाली वाचतच नाही. भट्टीसाठी ती उत्तम. लस गोठली का, हे ती कधीच सांगणार नाही. तिच्यानंतरची मॅक्स ३१८५५ शून्याखाली वाचते, तरी तिची हमी दोन अंशांच्या आसपासचीच आहे. मॅक्स ३१८५६ मध्ये भरपाईची चूक ०.७ अंशापर्यंत आणलेली आहे, आणि थर्मोकपलचा प्रकारही निवडता येतो. आकड्याचा बारीकपणा आणि आकड्याचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पॅथॉलॉजीच्या अहवालांत दशांशचिन्हापुढची तीन स्थाने पाहून आपण ओळखतोच.

तारांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक चुका येथेच होतात. मीटर दूर असेल, तर मध्ये साधी तांब्याची तार जोडण्याचा मोह होतो. तसे केले, की थंड सांधा मीटरपाशी न राहता त्या जोडापाशी सरकतो, आणि भरपाईचा संवेदक भलत्याच जागेचे तापमान सांगत बसतो. म्हणून वाढीव तारही त्याच धातूंची, किंवा तसाच दाब देणाऱ्या मिश्रधातूंची असावी लागते. मधला प्लगही त्याच जातीचा.

दुसरा सापळा रंगांचा आहे. अमेरिकी पद्धतीत थर्मोकपलची लाल तार ऋण असते, धन नव्हे. ‘के’ची धन तार पिवळी, ‘टी’ची निळी. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ऋण तार पांढरी, ‘के’ची धन तार हिरवी आणि ‘टी’ची तपकिरी. आपल्या बाजारात दोन्ही रंगपद्धतींचा माल येतो, आणि लाल म्हणजे धन हे हाडीमासी खिळलेला वायरमन सहज उलट जोडतो. एकाच ठिकाणी उलट जोडले, तर गरम केल्यावर आकडा उतरतो आणि चूक चटकन पकडली जाते. वाढीव तारेच्या दोन्ही टोकांशी उलट जोडले, तर मात्र आकडा योग्य दिशेने हलतो, सगळे आलबेल दिसते, आणि मधला जोड व मीटर यांच्या तापमानांत जो फरक असेल, त्याच्या दुप्पट चूक होते. जोड आणि मीटर एकाच खोलीत असतील, तर ती दिसणारही नाही. मीटर वातानुकूलित खोलीत नेला, की उघडी पडेल. ‘के’ची तार ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे लोहचुंबक: ऋण ॲल्युमेल चुंबकाला चिकटते, धन क्रोमेल चिकटत नाही.

विजेच्या गोंगाटाचा बंदोबस्त ईसीजीचा अनुभव असलेल्यांना सांगायला नकोच. दोन तारा एकमेकींना पिळून न्याव्यात, जाळीचे आवरण एकाच टोकाशी भूमीला जोडावे, आणि वाचन २० मिलिसेकंदांच्या पटीत सरासरी काढून घ्यावे, म्हणजे ५० हर्ट्झची घरघर बऱ्याच अंशी आपोआप वजा होते. सांधा धातूच्या नळीपासून विलग असेल, तर ॲम्प्लिफायरच्या सूक्ष्म प्रवाहाला परतीची वाट म्हणून ऋण तारेपासून भूमीकडे मोठा रोधक जोडावा लागतो. तो विसरला, की आकडा वाटेल तसा भटकतो.

तुटलेल्या तारेचे काय, हा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. चांगल्या सर्किटात तार तुटताच आकडा मुद्दाम कमाल मर्यादेला जातो आणि हीटर बंद होतो. नवजात-कक्षातील रेडिअंट वॉर्मरचा धोका येथे आठवावा. त्याचा त्वचेवरचा संवेदक बाळाच्या अंगावरून सुटला, तर तो आजूबाजूची हवा मोजतो, यंत्राला बाळ गार पडले असे वाटते आणि ते उष्णता वाढवीतच जाते. तार शाबूत, सर्किट शाबूत, आणि बाळ भाजते आहे. यावर परिचारिकेच्या डोळ्याइतका खात्रीचा उपाय मला अजून दिसलेला नाही.

वॉर्मरमधला तो संवेदक सामान्यतः थर्मोकपल नसून थर्मिस्टर असतो, आणि ते योग्यच आहे. थर्मिस्टरचा रोध एका अंशाला सुमारे चार टक्के बदलतो, त्याला थंड सांधा नसतो, आणि ३० ते ४० अंशांच्या अरुंद पट्ट्यात दशांशाची अचूकता तो स्वस्तात देतो. ‘के’ प्रकारच्या सर्वसाधारण प्रतीच्या तारेतच २.२ अंशांची सूट मान्य असते, ‘टी’मध्ये एका अंशाची, निवडक प्रतीच्या ‘टी’मध्ये अर्ध्या अंशाची. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: बाळासाठी थर्मिस्टर, लसींच्या कपाटासाठी थर्मिस्टर किंवा निवडक ‘टी’, आणि ऑटोक्लेव्हच्या आत १२१ अंश खरोखर सर्व कोपऱ्यांत पोहोचतात का हे पाहायचे असेल, तेव्हा थर्मोकपल. त्याच्या बारीक तारा गाठोड्याच्या पोटात शिरतात, वाफेला दबत नाहीत आणि एकाच वेळी दहा-बारा जागी ठेवता येतात.

तरीही नकळत थर्मोकपल आपल्या सर्वांच्या कपाळाला लागून गेले आहे. २०२० मध्ये कारखान्यांच्या आणि दवाखान्यांच्या दारांशी जी ‘बंदूक’ रोखली जात होती, तिच्या पोटात थर्मोपाइल असते. शेकडो सूक्ष्म थर्मोकपलांचे मोजणारे सांधे एका पातळ पडद्यावर कपाळाचे अवरक्त किरण झेलतात; थंड सांधे बंदुकीच्या अंगाशी असतात आणि शेजारचा थर्मिस्टर त्या अंगाचे तापमान सांगतो. पहारेकऱ्याने ती उन्हात ठेवलेल्या खुर्चीवरून उचलून लगेच रोखली, तर अंग अजून एकसारखे तापलेले नसते आणि भरपाई फसते. म्हणूनच वापरापूर्वी ती दहा ते तीस मिनिटे त्याच जागी राहू द्यावी, असे निर्देश असतात. ते पाळले गेल्याचे मला क्वचितच दिसले. कपाळावरचा घाम आणि वारा हे वेगळेच.

आता तपासणी. तिला महागडे साधन लागत नाही. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक कुटून तोंड रुंद असलेल्या थर्मॉसमध्ये दाबून भरावा आणि फटी भरतील एवढेच गार शुद्ध पाणी ओतावे. बर्फ पाण्यावर तरंगत असेल, तर पाणी जास्त झाले. तळाशी चार अंशांचे पाणी साठते. सांधा मधोमध, तळाला न टेकता, दहा मिनिटे ठेवावा. आकडा शून्य यावा. येथपर्यंत बरेच जण करतात. खरी परीक्षा यानंतरची आहे: सांधा बर्फातच ठेवून मीटर वातानुकूलित खोलीतून व्हरांड्यात आणावा, किंवा त्याच्यावर अर्धा तास दिव्याची ऊब द्यावी. बर्फ शून्यावर आहे, तोवर आकडा हलता कामा नये. मीटर नव्या हवेत आल्यावर पहिली काही मिनिटे तो थोडा डळमळेल, ते चालेल. स्थिर झाल्यावरही अर्ध्या अंशाहून अधिक सरकलेला राहिला, तर भरपाई कच्ची आहे आणि तो मीटर लसींसाठी वापरू नये. दुसरा बिंदू ३७ अंशांचा, एन.ए.बी.एल. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने तपासलेल्या तापमापीशेजारी कोमट पाण्यात धरून पाहावा. लसींच्या कपाटात सांधा हवेत लोंबकळत न ठेवता ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवून लसींच्या शेजारीच ठेवावा, म्हणजे दार उघडले की हवेचा नव्हे, लसीच्या जवळचा आकडा मिळतो. आलेली चूक, तिचे धन-ऋण चिन्ह आणि तारीख एका कागदी पट्टीवर लिहून ती मीटरलाच चिकटवावी; वहीत लिहिलेली नोंद कपाटासमोर उभ्या असलेल्या परिचारिकेला दिसत नाही.